नवी म्हणून गळ्यात मारलेली जुनी रिक्लायनिंग व्हीलचेअर

पक्षाघातानंतर आईची उजवी बाजू लुळी पडली आणि मानही सावरेना, तेव्हा पाठ मागे झुकणारी, डोक्याला आधार देणारी व पाय उचलून धरणारी रिक्लायनिंग व्हीलचेअर घ्यावी, असे फिजिओथेरपिस्टनी सुचवले. पुण्यातील सर्जिकल साहित्याच्या एका दुकानदाराने मोबाइलवर छायाचित्र दाखवून नवा, खोकाबंद माल देण्याचे कबूल केले, पूर्ण रक्कम आगाऊ घेतली आणि खुर्ची मात्र खोक्याविना टेम्पोतून, अंधार पडल्यावर पाठवली.

सकाळच्या उजेडात तिचे खरे रूप दिसले. वेल्डिंगच्या सांध्यांवर काळा रंग जाड साचला होता आणि नखाने खरवडताच खालचा गंज उघडा पडला. अनुक्रमांकाची पट्टी घासून तिच्यावर नवे स्टिकर डकवले होते; रेक्झिन कोरे करकरीत, पण आतला फोम मधोमध बसलेला. वापरलेली खुर्ची रंगवून नवी म्हणून विकली होती, हे उघड होते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच होती. पाठ आडवी केली की रुग्णाचे वजन मागे सरकते, म्हणून अशा खुर्चीची मागची चाके नेहमीपेक्षा मागे बसवतात आणि अँटी-टिपर नावाची दोन छोटी आधाराची चाकेही देतात. आमच्या खुर्चीला ती नव्हतीच; ती जिथे बसतात त्या नळ्या रिकाम्या ठेवून रंगवल्या होत्या. आईला सांभाळणाऱ्या मावशींनी पाठ जराशी झुकवली, तर सैल केबलमुळे ती थांबेचना आणि पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली. मावशींनी अंगाचा टेकू देऊन खुर्ची धरली म्हणून आई वाचली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जिवाशी असा खेळ करणाऱ्याला क्षमा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘या खुर्चीत बेडसोअर होतच नाहीत’ हे त्याचे आश्वासनही खोटे होते. पाठ खाली-वर होताना रुग्ण घसरतो आणि माकडहाडाजवळची त्वचा ताणली जाते. त्यामुळे योग्य गादी असली तरी ठरावीक वेळाने वजन हलवावेच लागते. बसण्याचा कोन न बदलता सबंध आसन कलणारी टिल्ट खुर्ची वेगळी असते, हे त्याने सांगितलेच नाही.

पावती म्हणून त्याने ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला आणि त्यात 18 टक्के जीएसटी लावला. व्हीलचेअरवर तो 5 टक्के असतो. पैसे देण्यापूर्वी मॉडेल व अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल मागावे, आणि खुर्चीत धडधाकट माणूस बसवून पाठ पूर्ण आडवी करून पाहावी. न्हाणीघराच्या दाराची व लिफ्टची मापे घरूनच घेऊन जावे, कारण पाठ व पाय पसरल्यावर ही खुर्ची फार लांब होते.

परत घ्या म्हटल्यावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीवर त्याने बोट ठेवले. वस्तुतः ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे, या दोन्ही अनुचित व्यापार प्रथा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर त्याने निम्मी रक्कम देऊ केली. ती आम्ही नाकारली. आता सांध्यांची व घासलेल्या पट्टीची छायाचित्रे, यूपीआयची नोंद आणि ‘नवा माल’ असे त्याने पाठवलेले संदेश जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. तक्रारीसाठी कायद्याने 2 वर्षांची मुदत आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.