कंट्रोल-ई : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये संगणकावरील कार्यालयीन कामाचा वेळ वाचवणाऱ्या पन्नास युक्त्या शिकवणाऱ्या एका दिवसाच्या वर्गाला मी पंधराशे रुपये भरून गेलो होतो. हे पैसे आमच्या पतसंस्थेने दिले नाहीत, मी खिशातून भरले, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढच्या मजकुरातील थोडाफार कडवटपणा तेथून आलेला आहे. पन्नासांपैकी सहाच युक्त्या आज माझ्या वापरात उरल्या आहेत, म्हणजे एकेक मला अडीचशे रुपयांना पडली.

त्यांतील पाचांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. एक्सेल या तक्ते करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बेरजेसाठी ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह, फिल्टरसाठी कंट्रोल-शिफ्ट-एल, फॉर्म्युला दुसरीकडे कॉपी केला तरी त्यातील सेलचा (म्हणजे चौकटीचा) संदर्भ बदलू नये म्हणून एफ-४ आणि आजची तारीख टाकण्यासाठी कंट्रोल व अर्धविराम, ही बटणे आता बोटांनाच पाठ झाली आहेत. पाचवी युक्ती विंडोज-व्ही, जिच्यामुळे याआधी कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टींपर्यंत मागे जाता येते. मात्र संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पिन करून ठेवलेल्या गोष्टी सोडून बाकी सारे पुसले जाते, आणि हे मला वर्गात नव्हे, तर दुपारी वीज गेल्यावर समजले. सहावी युक्ती म्हणजे एक्सेलमधील कंट्रोल-ई, अर्थात फ्लॅश फिल. हा सारा मजकूर तिच्यासाठीच लिहीत आहे.

एक्सेल २०१३ पासून ही सोय आहे, त्यामुळे ती कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक असेल. शेजारच्या रकान्यात आपल्याला हवे तसे एक-दोन नमुने लिहायचे, खालच्या सेलवर येऊन कंट्रोल-ई दाबायचे, आणि उरलेला रकाना एक्सेल स्वतः ओळखून भरते. तिच्यामागचे संशोधन सुमित गुलवानी यांचे असून ते आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी आहेत. विमानप्रवासात एका सहप्रवासिनीने स्प्रेडशीटमधील नावांच्या रकान्यांबाबत त्यांच्याकडे मदत मागितली आणि त्या प्रश्नातून या कामाला चालना मिळाली, असे सांगतात. त्या बाईंच्या यादीतील नावे महाराष्ट्रातील नसावीत, अशी माझी आता खात्री झाली आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी निघते ती रोमन लिपीत, सगळी मोठी अक्षरे आणि आडनाव आधी, अशी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टमध्ये नोटिसांची पाकिटे तयार करावी लागतात, आणि पाकिटावर नाव आधी, वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये, आडनाव शेवटी आणि सर्वांच्या आधी 'श्री.' अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत आहे. त्याआधीच्या वर्षापर्यंत हे काम दोघे जण चार दिवस बसून करीत असू. गेल्या ऑगस्टमध्ये मी पहिल्या दोन ओळींत 'पाटील संजय विठ्ठल' याचे 'श्री. संजय विठ्ठल पाटील' असे नमुने लिहिले, कंट्रोल-ई दाबले आणि २,८६० नावे डोळ्यांदेखत उलटली, मोठ्या अक्षरांची नीट लहान-मोठी अक्षरे झाली, आणि खालच्या पट्टीवर किती सेल बदलले तो आकडाही आला. त्या संध्याकाळी मी सहकाऱ्यांना चहा पाजला, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका पाकीट हातात घेऊन कार्यालयात आल्या. आमच्या व्यवस्थापकांना त्यांनी चौथीत शिकवले आहे, त्यामुळे व्यवस्थापक खुर्चीवरून उठून उभे राहिले. पाकिटावरील 'श्री.' लाल शाईने खोडून त्यांनी वर 'श्रीमती' लिहिले होते. "अहो, तीस वर्षे मी तुमची सभासद आहे, एवढे तरी तुम्हाला ठाऊक असावे," इतकेच त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे आणखी नऊ जणींचे दूरध्वनी आले. नमुन्यात मी 'श्री.' लिहिले होते आणि कंट्रोल-ईने ते इमानाने प्रत्येक ओळीत लावले होते, कारण त्या अक्षरांना काही अर्थ आहे हे तिला कळण्याची सोयच नाही. ठसा मीच करून दिला, तिने तो २,८६० वेळा उमटवला.

त्यानंतर पूर्ण यादी ओळीने वाचायला बसलो, तेव्हा 'श्री.' हे दुखणे सर्वांत किरकोळ होते असे लक्षात आले, जरी माझ्या मनातून अजून ते गेलेले नाही. ज्यांच्या खात्यावर मधले नाव नोंदलेलेच नव्हते, अशा 'देशमुख सुमन' यांचे 'श्री. सुमन सुमन देशमुख' झाले होते. जोडआडनावे वापरणाऱ्यांचे अर्धे आडनाव नावाच्या जागी आले होते. जिथे टंकलेखकाने दोन शब्दांत दोनदा स्पेस दिली होती, तिथे काय होईल याचा नेम नव्हता. अशा चुका एकूण २१४ निघाल्या, आणि त्या शोधण्यात मला दीड दिवस लागला, म्हणजे वाचलेल्या चार दिवसांतील मोठा हिस्सा परत गेला.

सर्वांत वाईट चूक मात्र निराळी होती. पाकिटे छापण्याच्या आदल्या दिवशी एका दिवंगत सभासदाच्या जागी वारसाचे नाव लावण्याची नोंद आली, म्हणून सहकाऱ्याने मूळ रकान्यात दुरुस्ती केली, आणि शेजारचा रकाना आपोआप बदलेल असे आम्ही दोघांनीही गृहीत धरले. तो बदलला नाही. फ्लॅश फिलने भरलेले सेल म्हणजे फॉर्म्युले नसून नुसता मजकूर असतो, मूळ माहिती बदलली तरी तो तसाच राहतो. गेलेल्या माणसाच्या नावाने नोटीस त्याच्या घरी पोचली आणि मला जाऊन क्षमा मागावी लागली. याला मी सोयीचा दोष म्हणू शकत नाही, तो तिचा स्वभाव आहे. पण पंधराशे रुपये घेणाऱ्या वर्गात या स्वभावाबद्दल एक वाक्य यायला हवे होते, असे मला आजही वाटते.

दिवाळीपर्यंत माझे मत असे झाले होते की, कंट्रोल-ई ही गंमत आहे, कार्यालयीन कामाचे साधन नव्हे. संगणक पुरवणाऱ्या विक्रेत्याने याच सुमारास सांगितले की, दरवर्षी वर्गणी भरून नवी आवृत्ती घेतली तर मजकुराचे तुकडे करणारा टेक्स्टस्प्लिट आणि यादीत शोध घेणारा एक्सलुकअप यांसारखे फॉर्म्युले मिळतील आणि हे प्रश्नच उरणार नाहीत. आमच्याकडे एकदाच पैसे भरून घेतलेले एक्सेल २०१६ आहे. त्यासाठीचा सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि त्या कारणासाठी संस्थेने कधीतरी खर्च करावा, पण नावे उलटी करण्यासाठी वर्षानुवर्षे वर्गणी भरणे मला पटत नाही. मी जुन्याच आवृत्तीत मार्ग काढला. सभासदाच्या अर्जावरून स्त्री-पुरुष असा वेगळा रकाना भरला आणि वर्डच्या मेल मर्जमध्ये, म्हणजे यादीतील नावे एकाच नमुन्यात भरून छापण्याच्या सोयीत, 'इफ-देन-एल्स' (असे असेल तर हे, नाहीतर ते) हा नियम लावून त्या रकान्यावरून 'श्री.' किंवा 'श्रीमती' येईल अशी व्यवस्था केली. नावांसाठी आधी ट्रिम या फॉर्म्युल्याने जादा जागा काढल्या, मग अक्षरे मोजणारा लेन आणि अक्षरे बदलणारा सब्स्टिट्यूट वापरून नावात किती स्पेस आहेत ते मोजले, आणि बरोबर दोन नसतील ती नावे फिल्टर करून हाताने दुरुस्त केली. दहा मिनिटांच्या या मोजणीने ऑगस्टमधील जवळजवळ सर्व चुका आधीच सापडल्या असत्या.

एवढे लिहून मी हा मजकूर बाजूला ठेवला होता. मार्चअखेरीस मत पुन्हा बदलावे लागले.

वर्षअखेरच्या ताळमेळासाठी आमच्या खात्याचे बँकेने दिलेले विवरण घेतले. त्यातील तपशिलाच्या रकान्यात यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि आणखी काही अक्षरे तिरक्या रेघांनी जोडून एकत्र येतात. तो क्रमांक फॉर्म्युल्याने बाहेर काढायचा तर मजकुरातून तुकडा काढणारा मिड आणि त्याची जागा शोधणारा फाइंड यांची लांबलचक साखळी लिहावी लागते, आणि ती माझ्याशिवाय कार्यालयात दुसऱ्याला वाचता येत नाही. मी शेजारी तीन नमुने लिहिले, मुद्दाम तीन निरनिराळ्या प्रकारच्या ओळी निवडून, आणि कंट्रोल-ई दाबले. दोन ओळी चुकल्या होत्या. त्यांतील एक दुरुस्त करताच दुसरीही आपोआप सुधारली, कारण भरल्यानंतर लगेच केलेली दुरुस्ती ती नवा नमुना म्हणून धरते. त्यानंतर मूळ तपशिलाचा रकाना पुसला, ओळी क्रमवार लावल्या, आणि कशालाही धक्का लागला नाही. फॉर्म्युले असते तर मूळ रकाना पुसताक्षणी सगळीकडे त्रुटीची खूण आली असती. ज्या न बदलण्याने ऑगस्टमध्ये मला मान खाली घालायला लावली, त्याच न बदलण्याने मार्चमध्ये अडीच दिवसांचे काम एका दुपारी संपवले.

खाते क्रमांकांच्या बाबतीत मात्र मी ती अजूनही वापरत नाही, आणि हा नियम केवळ तिच्यापुरता नाही. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्ये तर दिसतच नाहीत. त्यामुळे तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवणे आणि मगच काही लिहिणे, हे आमच्याकडे आता नव्या मुलांनाही पहिल्या दिवशी सांगितले जाते. आयएफएससीचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो आणि तेथे हटकून रोमन 'ओ' टंकला जातो, तेही त्याच वेळी सांगतो.

सध्याची माझी पद्धत अशी आहे. जे काम एकदाच करून संपणार आहे, त्याला कंट्रोल-ई, आणि ज्याची मूळ माहिती उद्या बदलू शकते, त्याला फॉर्म्युला. कंट्रोल-ईने भरलेल्या प्रत्येक रकान्याच्या शीर्षकात 'गोठवलेले' असे लिहून पुढे कंट्रोल-अर्धविरामाने त्या दिवसाची तारीख टाकतो. तीही तारीख पुन्हा बदलत नाही, आणि इथे ती बदलू नये हेच हवे असते. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने शीर्षक वाचून मला विचारल्याशिवाय मूळ यादीकडे हात नेला नाही, यावरून पद्धत रुजते आहे असे दिसते.

यंदाच्या नोटिसा ऑगस्टमध्ये निघतील. बाईंचे पाकीट मी स्वतः हाताने तपासून टपालात टाकणार आहे.