थर्मोस्टॅटवाला उगवण संच: मिरचीसाठी जरूर घ्या, लेट्यूससाठी नको

संचात भोकांचे कप्पे असलेला आतला ट्रे, पाणी धरणारा बाहेरचा ट्रे, झरोके असलेले पारदर्शक झाकण, गरम होणारी चटई आणि लांब वायरच्या टोकाला तापमान मोजणारा संवेदक असलेला थर्मोस्टॅट एवढे साहित्य येते. वरच्या प्रतीत एलईडीची पट्टीही मिळते. खोक्यावर ‘सर्व बियांसाठी २८ अंश’ असे ठळक छापले आहे आणि आमचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. यंत्र चांगले आहे, सूचनापत्रक मात्र चुकीचे.

आधी यंत्राबद्दल. अशी चटई खोलीपेक्षा साधारण ५ ते १० अंश जास्त ऊब देते. ती गार करू शकत नाही. खोलीतच ३२ अंश असतील, तर थर्मोस्टॅट २० वर ठेवून काहीही साधत नाही. सर्वांत जास्त घोळ संवेदकाचा होतो. तो झाकणाखाली हवेत लोंबकळत ठेवला, की हवा मातीपेक्षा गार असल्याने चटई बंदच होत नाही आणि बी मात्र ३५ अंशांच्या पुढे भाजून निघते. संवेदक मधल्या कप्प्यात, बी जितके खोल तितकाच खोल खोचावा. कडेचे कप्पे मधल्यांपेक्षा गार राहतात, म्हणून चटईखाली थर्माकोलचा तुकडा घालावा. ऊब खालून येत असल्याने कप्प्यांत भरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तळाकडून सुकते. वरून ओले दिसते आणि खाली कोरडे ठणठणीत असते. पाणी बाहेरच्या ट्रेमध्ये घालावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे.

मिरचीच्या बाबतीत संच पैसे वसूल करून देतो. १५ अंशांना मिरची वर यायला सुमारे २५ दिवस लागतात, २५ अंशांना आठ-नऊ. टोमॅटोचे तसेच: १५ ला दोन आठवडे, २५ ला सहा दिवस. मिरचीच्या हबानेरोसारख्या तिखट जाती मुळातच सावकाश उगवतात. त्यांना चटई मदत करते, पण साध्या मिरचीच्या वेगाने आणू शकत नाही. तो संथपणा बियाच्या जनुकांतून आलेला असतो.

आता लेट्यूस. २० अंशांना तीन दिवसांत उगवणारे हे बी ३० च्या आसपास गेले, की अनेक वाणांत थबकते. भिजलेल्या बियाला उष्णता लागली की एनसीईडी४ हे जनुक चालू राहते, त्यातून ॲबसिसिक आम्ल बनत राहते आणि हे संप्रेरक अंकुर रोखून धरते. गारव्यात तेच जनुक मंदावते आणि उगवणीला चालना देणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर चढतो. लेट्यूसच्या एका रानटी भाईबंदात हे जनुक उष्णतेने तसे भडकत नाही आणि ते बी ३५ अंशांनाही उगवते. म्हणजे एकाच ट्रेमध्ये, एकाच तापमानाला, फक्त वाण बदलल्याने निकाल उलटा येऊ शकतो. खोक्यावरच्या २८ च्या आकड्यात कडेच्या-मधल्या कप्प्यांचा फरक मिळवला, की लेट्यूस थेट धोक्याच्या पट्ट्यात जाते. शिवाय उष्णतेत फार काळ भिजून पडलेले बी नंतर गार केले तरी झोपूनच राहू शकते. लेट्यूससाठी चटईचे बटण बंद ठेवा, ट्रे आणि झाकण तेवढे वापरा.

अतिगोड मक्याचे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध. एसएच२ या जनुकातल्या बदलामुळे दाण्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी असतो. असे बी पाणी पिताना साखर बाहेर झिरपू देते, बुरशीला आयते जेवण मिळते आणि गार मातीत दाणा कुजतो. साधा मका जिथे तग धरतो तिथे याला ऊब लागतेच, आणि ती हा संच नेमकी देतो. बिनबियांच्या कलिंगडालाही ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते, पण ओल कमी हवी. मूठभर कोकोपीट दाबल्यावर एखादाच थेंब निघावा. त्याचे बीजावरण जाड असते आणि टोपीसारखे बीजपत्रांना चिकटून राहते, म्हणून टोकदार बाजू वर करून पेरावे.

एलईडी पट्टी शोभेची नाही. १९५२ मध्ये लेट्यूसच्याच बियांवर दिसून आले, की ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश उगवण सुरू करतो आणि ७३० चा अतिलाल (लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) ती थांबवतो. शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर निकाल ठरतो. पांढऱ्या एलईडीत अतिलाल फारच थोडा असतो, त्यामुळे सेलरीसारखे उजेड लागणारे बारीक बी वर मातीचा थर न देता नुसते दाबून पेरावे. ट्रे झाडांच्या दाट पानांखाली मात्र ठेवू नये, कारण पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात अतिलालाचे प्रमाण वाढलेले असते. फॅसेलिया या फुलझाडाच्या बियाला उलट अंधार लागतो, ते मातीने झाका.

थर्मोस्टॅटमध्ये दिवस-रात्रीचे वेगळे तापमान ठेवायची सोय नाही, ही खरी उणीव. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळांत वांगी आणि सेलरी ८ तास ३० व १६ तास २० अंशांवर ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे. खोली २० च्या जवळपास असेल तर चटईला साधा टायमर जोडून हे जमते.

काही बियांपुढे हा संच हात टेकतो. शेंगवर्गीय टणक बियांत पाणीच शिरत नाही; आधी बारीक सँडपेपरने आवरण घासायला हवे. हे आवरण मातृवृक्षाच्या ऊतींचे असते, त्यामुळे संकरित बियातही त्यावर आईच्याच जनुकांची छाप असते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासल्या जाणाऱ्या मोहरीवर्गीय रोपट्यात सुप्तावस्था, म्हणजे बियाची झोप, ठरवणारे डॉग१ हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. बी पक्व होताना गारठा असेल, तर त्याचा जोर वाढतो आणि बी जास्त गाढ झोपते. एकाच वाणाची वेगवेगळ्या हंगामांतली दोन पाकिटे वेगळी वागू शकतात, त्याचे हे एक कारण.

म्हणून ‘संच खराब आहे’ म्हणण्याआधी ५० बिया ओल्या टिपकागदावर ठेवून पाहाव्यात. न उगवलेली बी कापल्यावर आत पांढरी, कडक आणि ताजी दिसली तर ती बहुधा झोपलेली आहे. तिला सात दिवस ५ ते १० अंशांत ओले ठेवा, किंवा टिपकागद साध्या पाण्याऐवजी ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाने भिजवा. आत लिबलिबीत, करडी निघाली तर ती मेलेली आहे, पाकीट बदला.

निम्मी रोपे वर आली की झाकण काढायचे आणि चटई बंद करायची. पत्रक झाकण दोन पाने येईपर्यंत ठेवायला सांगते. तसे केले तर कोंदट ओलाव्यात रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, आणि बिनएलईडीच्या प्रतीत ती उजेडासाठी लांबट, किरटी होतात. खिडकीशी भरपूर उजेड नसेल, तर एलईडीचीच प्रत घ्यावी.