शिल्पकलेसाठी कुठे राहायचं: मुंबई, शांतिनिकेतन की बडोदा?

शिल्पकलेची पदवी घ्यायची ठरली की तीन नावं हमखास निघतात: मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, शांतिनिकेतनचं कलाभवन आणि बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी. फी, होस्टेल, प्रवेश परीक्षा यांची चौकशी सगळेच करतात. मी आधी दोन गोष्टी विचारेन. तिथे हाताला काय लागतं? आणि शिल्प मागायला कोण येतं?

मुंबईत पुतळे मागायला येतात. 1857 साली सुरू झालेल्या जे.जे.ची जुनी शिस्त म्हणजे ग्रीक शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवर डोळा तयार करायचा आणि मग माणूस समोर बसवायचा. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी', म्हणजे देवळाकडे निघालेल्या तरुणीचं शिल्प, याच शिस्तीतली, विद्यार्थिदशेतली. अंगाची घडण युरोपीय, लुगड्याच्या निऱ्या मात्र आपल्या. शिवाय शहरात कारखाने. वि. पां. करमरकरांनी केलेला पुण्यातला अश्वारूढ शिवाजी 1928 साली उभा राहिला, तो ब्राँझमध्ये ओतला माझगाव गोदीत. एवढं ओतकाम खेड्यात कोण करून देणार? पण गिऱ्हाइकाला आधी चेहरा जुळलेला हवा असतो. प्रयोग आपले आपण, स्वखर्चाने. जागेचं भाडं तर बोलूच नये.

शांतिनिकेतनात गणित उलटं. बंगालमधल्या बांकुड्याचे शिल्पकार रामकिंकर बैज 1925 साली तिथे आले आणि तिथलेच झाले. 1938 चं 'संथाळ कुटुंब' बघा: कावड घेतलेला बाप, कावडीच्या टोपलीत पोर, शेजारी आई, पायाशी कुत्रा. सांगाड्यावर सिमेंट आणि तिथलीच लाल खडी थापलेली. ही खडी जांभ्याची, कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. ब्राँझच्या मानाने फारच स्वस्त. पृष्ठभाग खरबरीत, गुळगुळीत करायचा प्रयत्नच नाही. ही संथाळ आदिवासी माणसं रामकिंकरांना रोज रस्त्यात दिसत आणि शिल्प ठेवायला दिवाणखाना नव्हता, उघडं आवार होतं. म्हणून ते तेवढं मोठं झालं. अशा जागी राहायचं तर पैशाची आणि कौतुकाची घाई मात्र चालत नाही.

बडोदा या दोन्हींच्या मधलं. फॅकल्टी 1950 ची आणि शिल्पविभाग घडवणारे शंखो चौधुरी रामकिंकरांचेच विद्यार्थी. तिथे शिकलेल्या राघव कनेरियांनी भंगार लोखंड जोडून शिल्पं केली. मृणालिनी मुखर्जी तर बडोद्यात शिकल्या चित्रकला आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्रं. पुढे गाठी मारमारून दोरांची माणसाएवढी शिल्पं उभी केली. (म्हणजे शिल्पविभागात प्रवेश हुकला म्हणून रडायचं कारण नाही.) त्यांचं लहानपण डेहराडूनच्या झाडीत आणि सुट्ट्या शांतिनिकेतनात गेल्या, त्या दोरांत ती झाडी दिसते.

माझं मत विचाराल तर व्यक्तिशिल्पावर पोट भरायचं असेल तर मुंबई. माध्यमच अजून ठरलं नसेल तर डोळे मिटून बडोदा. शांतिनिकेतन मी पदव्युत्तरसाठी राखून ठेवेन, हात थोडा बसल्यावर.

फॉर्म भरण्याआधी एक रविवार काढा. गेटवेवरून मांडव्याची बोट धरा आणि अलिबागच्या वाटेवरचं सासवणे गाठा. करमरकर मूळ इथलेच. जे.जे., कलकत्ता, लंडन करून ते पुन्हा इथे परतले. घराचं आता संग्रहालय झालंय. तिथलं त्यांचं म्हशीचं शिल्प नीट बघा आणि ती म्हैस पुण्याच्या शिवाजीच्या घोड्याशेजारी मनात उभी करून पाहा.