भाड्याचा मेटल डिटेक्टर: कोलव्याच्या वाळूत एक दिवस

मडगावातील एका दुकानातून भाड्याने घेतलेला व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी सोडून धातू शोधणाऱ्या) पद्धतीचा मेटल डिटेक्टर मित्रासह कोलव्याच्या किनाऱ्यावर वापरून पाहिला. कोरड्या वाळूत तो समाधानकारक चालतो. नाणे आणि लोखंडी खिळा यांच्या आवाजांतील फरक नवख्या कानालाही कळतो. मात्र ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या ओल्या वाळूत, जिथे समुद्रस्नानाला आलेल्यांच्या अंगठ्या सापडण्याची शक्यता अधिक असते, तिथे खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्यामुळे यंत्र सतत खोटे संकेत देत राहते. संवेदनशीलता कमी केली की गोंगाट थांबतो, परंतु खोलवरचे शोधण्याची क्षमताही घटते. अशा वाळूसाठी पल्स इंडक्शन (विजेचे क्षणिक स्पंद सोडून धातू शोधणाऱ्या) पद्धतीचे यंत्र हवे. ते दुकानात नव्हते.

हाती आली ती मुख्यतः बिअरच्या बाटल्यांची बुचे. (गोव्यात दुसरे काय निघणार, असे मित्राचे म्हणणे.) भाडे वाजवी होते आणि बॅटरीही टिकली. दुकानदाराने कायद्याविषयी अवाक्षरही काढले नाही, हे मात्र खटकले: 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला 10 रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मोरजी आणि गालजीबाग येथे समुद्री कासवे अंडी घालतात, तेव्हा तेथील वाळू उकरू नये, हेही ग्राहकाला सांगायला हवे होते.