दाट रानातली 30-30 लिव्हर रायफल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. प्रत्येक काडतूस हातानेच चढवायचं, मग उरतात मुख्यतः बोल्ट, पंप आणि लिव्हर (चापाभोवतीची दांडी खाली-वर करून काडतूस चढवायची ती). इथल्या ओक-हेमलॉकच्या रानात व्हाइटटेल हरीण बहुधा 100 यार्डांच्या (सुमारे 90 मीटर) आतच दिसतं, तेही दोन खोडांच्या फटीतून, काही क्षण. अशा जागी लिव्हरच हवी, हे आता ठाम मत झालंय.

30-30 हे काडतूस 1895 सालचं, विंचेस्टर 1894साठी काढलेलं. त्या रायफलीची जुनी मॉडेलं रिकामी पुंगळी वरून फेकतात, त्यामुळे मधोमध स्कोप (नेमाची दुर्बीण) बसत नाही. 1948च्या मार्लिन 336सारख्या रचनेत पुंगळी उजवीकडून पडते आणि वरचा पत्रा बंद असतो. माझ्या वापरातली रायफल याच रचनेची. स्कोप कमी ताकदीचा घ्या, आणि घोड्याला (मागच्या हॅमरला) बाजूचं बोंड लावून घ्या, नाहीतर अंगठा स्कोपखाली अडकतो.

खरं सुख चालताना कळतं. नळी 20 इंची, वजन सुमारे 7 पौंड, आणि पोटाखाली मॅगझीनचा डबा नाही. बोटं बरोबर तोलाच्या जागी बसतात. दुसऱ्या बारासाठी लिव्हर मारताना दस्त्यावरचा गालही हलवावा लागत नाही.

गोळी मात्र विचारपूर्वक निवडा. इथे मॅगझीन म्हणजे बंदुकीच्या नळीखालची दुसरी नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक असतात. कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर) टेकते आणि बाराच्या धक्क्याने ते आतच उडू शकतं. म्हणून चपट्या नाकाची, नाहीतर हॉर्नडी लिव्हरेव्होल्यूशनसारखी मऊ टोकाची. 170 ग्रेन (सुमारे 11 ग्रॅम) वजनाची चपटी 100 यार्डांवर बरोबर लावली तर 200वर सुमारे 8 इंच खाली जाते. 160 ग्रेन मऊ टोकाची 100वर 3 इंच वर लावा, 200वर जवळपास नेमावर बसते. त्यापुढचा बार या रायफलीने घेऊच नये.

रायफल अडकते ती बहुतेक वेळा हाताच्या चुकीने. लिव्हर हळू किंवा अर्धवट मारली की पुंगळी बाहेर पडत नाही. शेवटपर्यंत, ठोकूनच मारायची. घरी डमी काडतुसांवर सराव करा. दुसरा दोष खरा यांत्रिक आहे: लिव्हरच्या पुढच्या टोकाची धारदार कड काडतूस उचलणाऱ्या कॅरियरला हळूहळू खाच पाडते. मग कॅरियर खाली बसतो, दोन काडतुसं एकदम शिरतात आणि लिव्हर अर्ध्यावर घट्ट बसते. कॅरियर काढून तपासा. खाच दिसली तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून लिव्हरची ती कड बारीक दगडावर किंचित गोल करून घ्या.

सफाई सोपी आहे. लिव्हर अर्धी उघडून एकच स्क्रू काढा, लिव्हर खाली ओढा, बोल्ट मागे सरकवा. इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारा) तुकडा सुटा पडतो, तेवढा जपा. नळी मागच्या बाजूने पुसता येते. जुन्या लिव्हर रायफलींत हे सहसा जमत नाही. पाचर-टोकाचा साधा स्क्रूड्रायव्हर स्क्रूची खाच चिरडतो. खाचेत घट्ट बसणारा घ्या.

रिकामी करायला वेळ लागतो. सहा काडतुसं लिव्हरनेच एकेक बाहेर काढायची असतात. नळी सुरक्षित दिशेला, आडवी सेफ्टी लावलेली, बोट चापाबाहेर. शेवटी मॅगझीनचा फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारा तुकडा) डोळ्यांनी पाहा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) करंगळी घाला, मगच रायफल गाडीत ठेवा.