ताडोब्याचा आलिशान तंबू: सगळं छान, चेन सोडून

बाथटब, चार खांबांचा पलंग, पितळी नळ, पडवीत दोन आरामखुर्च्या. ताडोब्यात शिरायच्या कोलारा गेटच्या आसपासच्या कुठल्याही महागड्या कॅम्पचे फोटो बघितलेत की हे दिसतंच, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. मी लिहिणार आहे तंबूच्या चेनबद्दल. वेगवेगळ्या ऋतूंत तिथे राहून आल्यावर माझं असं ठाम मत झालंय की आलिशान तंबूचा सगळा कारभार त्या चेनवर चालतो. तंबूला ना कडी, ना कोयंडा, ना उंबरा. साप, डास, धूळ, वानरं बाहेर ठेवायची आणि एसीचा गारवा आत, हे सगळं काम तिचं एकटीचं.

नागपूरच्या एका पर्यटन प्रदर्शनात आम्ही या कॅम्पच्या रात्री घाऊक भावात आगाऊ घेऊन ठेवल्या. पैसे एकदम भरायचे, रात्री वर्षभरात संपवायच्या. ह्यांना पक्ष्यांचं वेड, मला सवलतीचं. उमरेड, भिसी, चिमूर करत सकाळी निघालं की जेवायच्या आधी पोचतो, म्हणजे प्रवासाचाही खर्च नाही.

पहिली खेप थंडीतली. पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठतात, पण कॅम्पवाले घोंगडी आणि गरम पाण्याची पिशवी देतात, ती कुशीत घेऊन बसायचं. खरी मजा मात्र रात्रीची. दिवा मालवून पडलं की कापडापलीकडून रातव्याची, त्या रात्रीच्या पक्ष्याची, चक-चक सुरू होते, आणि मध्येच कुठूनतरी सांबराचा एकच दणदणीत ‘पोंक’. ह्यांनी लगेच उठून बसायचं आणि मी त्यांना परत झोपवायचं. सिमेंटच्या खोलीत हे मिळत नाही, पैसे याचेच. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. चेनकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

मग मे. मेमध्ये पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून दर चढे आणि गर्दी. इथली प्रसिद्ध माया वाघीण गेली तरी तिच्या पांढरपौनीच्या पाणवठ्यावर जिप्स्यांची रांग तशीच. वाघ दिसला, हो. पुढे जाऊ.

चंद्रपूर जिल्ह्याचा पारा मेमध्ये ४५च्या पुढे जातो हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या तंबूत एसी होता आणि तो बिचारा घरघरत होता. पण दुसऱ्या रात्री चेन लावली आणि रनर, म्हणजे चेनवरून सरकणारा तो तुकडा, पुढे गेला तशी मागून ती उघडत आली. परत लावली, परत तेच. वीतभर फट, तीही नेमकी खाली, जमिनीलगत. आणि आल्या दिवशीच आम्हाला बजावलेलं, ‘चेन पूर्ण खालपर्यंत लावा, साप-विंचू येतात.’

मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे हे दुखणं मला नवीन नाही. चेनचे दात सहसा शाबूत असतात, बिघडतो तो रनर. पोरंसोरं, पाहुणे, साफसफाईवाले दिवसातून पन्नासदा ओढतात, वर बफरची, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याची, लाल धूळ, मग रनरचं तोंड फाकतं आणि तो दातांना एकमेकांत दाबेनासा होतो. पक्कड घ्यायची, रनरच्या दोन्ही बाजू मागच्या अंगाने हलकेच दाबायच्या, दातांवरून मेणबत्ती फिरवायची. पाच मिनिटांचं काम. फार दाबला तर अडकून बसतो, तेवढं सांभाळायचं.

कॅम्पवर पक्कड नव्हती. म्हणजे असेल, पण ती जनरेटरच्या खोलीत आणि तिची किल्ली ज्याच्याकडे तो गावाला. मॅनेजरसाहेब आले, फार गोड बोलले. ‘मॅडम, टेंट बाहेरून आलेत, चेनही तिकडूनच मागवावी लागेल, आठ-दहा दिवस.’ तोवर काय? तोवर त्यांनी कपड्यांचे चिमटे पाठवले. प्लास्टिकचे, गुलाबी आणि हिरवे. पितळी नळाच्या तंबूला दोरीवरचे चिमटे लावून आम्ही झोपलो. गैरसोयीबद्दल म्हणून शेकोटीशेजारी जेवण फुकट देऊ केलं. मे महिन्यात शेकोटी!

खोली आवरायला येणारा पोरगा जवळच्याच गावचा. सकाळी चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला, ‘काकू, चिमूरले चेनवाला बसते जी, बाजारात. मी संध्याकाळी जातोच आहो.’ गेला, आणि कागदाच्या पुडीत दोन रनर घेऊन आला, सोबत गावातल्या कुणाची तरी पक्कड. दहा नंबरचा, दोन्हीकडून कान असलेला, म्हणजे आतून-बाहेरून दोन्हीकडून ओढता येणारा, अगदी बरोब्बर. मीच बसवला. दोन्ही रनर मिळून पन्नास रुपयेसुद्धा झाले नाहीत. जिथे रात्रीचं भाडं पाच आकडी आहे, तिथे कुणाला चिमूरपर्यंत जायचं सुचलं नव्हतं. पोरग्याला मी बक्षिसी दिली आणि मॅनेजरला एका रात्रीचे पैसे परत मागितले.

आता एसीबद्दल, कारण तो प्रश्नही चेनचाच. कापडाच्या भिंतीतून गारवा टिकत नाही, फट असली तर मुळीच नाही. उलट गेटावरच्या चौकीदाराच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर होता, तिथे पाय ठेवल्याबरोबर जीव सुखावला. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यात कूलर उत्तम चालतो, हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण माहितीपत्रकात ‘कूलर’ शोभत नसावा. शिवाय एसी सुरू असला की रातवा ऐकू येत नाही, म्हणजे जे ऐकायला आलो तेच बंद. तेव्हा मनात पक्कं केलं होतं की मेनंतर परत नाही. उरलेल्या रात्री बहिणीला देऊन टाकायच्या.

बहिणीने घेतल्या नाहीत. वाया जाणार म्हणून पावसाळ्यात आम्हीच गेलो, आणि माझं मत बदललं. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, बंद. बफरच्या काही गेटांतून फेऱ्या होतात, रस्ते साथ देतील तशा. वाघाची खात्री अजिबात नाही. पण गर्दी नाही, एसी नाही. कॅनव्हासला ओलसर वास येतो, उश्यांनाही; दमा असेल तर जाऊ नका. आतून कापडाला बोट लावू नका, तिथून थेंब गळायला लागतो. मात्र तंबूमागच्या बांबूत नवरंग पक्षी शीळ घालत होता. ह्यांनी चहा थंड होऊ दिला आणि पडवीतून हलले नाहीत. मी बसवलेला रनर लोण्यासारखा चालत होता. शेजारच्या तंबूला चिमटे होते.

जेवण थोडक्यात: पास्ता आणि बेक्ड व्हेजिटेबल खायला चिमूर तालुक्यात कोणी येत नाही. नोकरमंडळींसाठी शिजतं ते वरण-भात, वांग्याची भाजी आणि भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी मागून घ्या. देतात, पण संकोचत.

जाणार असाल तर कोअरचं परमिट स्वतः ऑनलाइन काढा. कॅम्पमार्फत काढलं की वर ‘सेवा शुल्क’ लागतं आणि सेवा म्हणजे तुमचंच आधारकार्ड तुमच्याकडून घेऊन भरणं. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्याचा रुसवा धरू नका. तंबू ताब्यात घेताना बाथटब बघत बसू नका. चेन तीनदा खालीवर करा. रनरच्या मागे उघडली तर तिथल्या तिथे दुसरा तंबू मागा. दोन रनर एकत्र बांधायला छोटा हुक न्या, वानरं चेन उघडतात आणि बिस्किटं नेतात. आणि पक्कड, अर्थात.

त्या एका रात्रीच्या पैशांचं काय झालं? पैसे नाही, बदली रात्र दिली आहे. ती फक्त सोमवारीच वापरायची, आणि मंगळवारी ताडोब्याचा कोअर बंद असतो. ई-मेल चालू आहेत.