सांगलीतील नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

विश्रामबागहून मिरजेकडे जाताना जे नवे, प्रशस्त रेस्टॉरंट सुरू झाले आहे, तेथे गेल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा जेवलो: एकदा पत्नीसह, एकदा कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर आणि एकदा वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, ऐंशीव्या वाढदिवसाला घरच्या नऊ जणांना घेऊन. पहिली भेट बरीचशी फसली आणि तिसरी मनासारखी झाली. आचारी तेच होते; फरक पडला तो आम्ही केव्हा गेलो आणि काय मागवले यामुळे. म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने लिहीत आहे.

शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय जाऊ नये. आम्ही पहिल्यांदा तसेच गेलो आणि पाऊण तास दाराशी उभे राहिलो. आरक्षण फोनवर होते, परंतु ठरलेल्या वेळेनंतर टेबल पंधरा मिनिटेच राखून ठेवतात, त्यामुळे काही मंडळी मिरजेहून यायची असतील तर सर्वांची वाट पाहत बाहेर थांबू नये. जे पोहोचले त्यांनी आत जाऊन बसावे. संध्याकाळी साडेसातची वेळ सर्वांत चांगली. साडेआठनंतर सगळी टेबले एकदम भरतात, ताटे उशिरा येतात आणि वाढणाऱ्यांना प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही. घरात वयस्कर माणसे असतील तर अंगणाकडील बाजू मागून घ्यावी. आतल्या दालनात संगीताचा आवाज मोठा असतो आणि उजेड इतका मंद की आप्पांना मेनूकार्डावरचे एक अक्षर वाचता आले नाही. विनंती केल्यावर उजेड वाढवून देतात, हे मात्र नमूद केले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काय खावे. मेनूकार्ड फार मोठे आहे आणि त्याचा अर्धा भाग पास्ता, पिझ्झा व तत्सम पदार्थांनी व्यापलेला आहे. पहिल्या वेळी आम्ही नावीन्याच्या ओढीने तेच मागवले. त्यात वाईट असे काही नव्हते, पण ते पदार्थ पुण्यात कोठेही मिळतात आणि तेथे अधिक चांगले मिळतात. या स्वयंपाकघराचा हात खरा बसला आहे तो कृष्णाकाठच्या जेवणावर, आणि तो भाग कार्डाच्या शेवटच्या दोन पानांत दडलेला आहे. भरली वांगी अवश्य घ्यावीत. काटेरी देठाची, कोवळी, कमी बियांची वांगी देठासकट शिजवलेली असतात, मसाल्यात शेंगदाणा आणि तीळ समजून-उमजून घातलेले असतात, आणि मुख्य म्हणजे वर तेलाचा थर तरंगत नाही. मोठ्या हॉटेलांत झणझणीत म्हणजे तेलकट असा जो समज झाला आहे, तो येथे नाही याचे मला मनापासून समाधान वाटले. बेदाण्याची आंबटगोड चटणीही मागवावी; तासगावच्या बेदाण्याला आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या हॉटेलने ताटात इतके मानाचे स्थान दिलेले मी यापूर्वी पाहिले नव्हते.

आप्पांची चाळीस वर्षे मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांत गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यांनी घरी पेढे वाटले होते. त्यामुळे येथील आळणी रश्श्याचा पहिला घोट घेऊन त्यांनी "हळद ताजी आहे, रंगासाठी घातलेली नाही" असे म्हटले, तेव्हा त्यापुढे माझ्या मताची गरज उरली नाही. अख्खा मसूर मात्र मागवू नये. इस्लामपूर-कराड भागातील ढाब्यांवर तो ज्या साधेपणाने मिळतो, ती चव येथे लोणी आणि सायीखाली हरवली आहे, शिवाय किंमत तिप्पट.

शाळूची भाकरी हाताने थापून तव्यावर भाजून देतात, म्हणून तिला वेळ लागतो. सुरुवातीचे पदार्थ सांगतानाच भाकऱ्यांची संख्या सांगून ठेवावी आणि "दोन-दोन करून आणा" असे स्पष्ट सांगावे. हे न सांगितल्याने दुसऱ्या भेटीत आमची भाजी निवून गेली आणि भाकऱ्या नंतर एकदम आल्या. तिखटाचे प्रमाणही आधीच बोलावे. लहान मुलांसाठी कमी तिखट करून देण्यास ते आनंदाने तयार असतात, फक्त ताट आल्यावर सांगून उपयोग होत नाही. गोडात बासुंदी चांगली; केक सोडून द्यावा.

बिल शांतपणे वाचावे. जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, तो अडीच-अडीच टक्के असा केंद्र आणि राज्य यांच्या नावाने दोन ओळींत दिसतो, आणि तो द्यावाच लागतो. त्याखाली दहा टक्के सेवा शुल्क लावलेले होते, त्याची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे शुल्क ग्राहकावर सक्तीने लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना ग्राह्य ठरवल्या. आम्ही नम्रपणे सांगितल्यावर व्यवस्थापकांनी ते लगेच काढून टाकले. कोणी नकार दिलाच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ज्या मुलाने आप्पांना आधार देऊन खुर्चीपर्यंत नेले आणि प्रत्येक वेळी त्यांची भाकरी मऊ असल्याची खात्री केली, त्याच्या हातात आम्ही वेगळे पैसे ठेवले. माझ्या मते तेच योग्य.

उरलेले अन्न बांधून देण्याचे ते स्वतःहून विचारत नाहीत, पण मागितल्यास व्यवस्थित देतात. आमच्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या. आप्पांनी त्या आवर्जून बांधून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून खाल्ल्या.